वाचनालयाची नोंदवही वाचकांबद्दल काय सांगते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला वाचनालयांची परंपरा जुनी. टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे आपलं ‘सावाना’, १८४० सालचं. आमचं वाचनालय त्यापुढे अगदीच लहान: सिडकोत, सोसायटीच्या तळमजल्यावर, संध्याकाळी उघडणारं. जिल्ह्यातल्या अशाच छोट्या वाचनालयांचे कार्यकर्ते भेटले की बोलणं हमखास नोंदींवर येतं. रजिस्टरं भरलेली असतात, वर्षअखेरीला बेरीज होते, अहवालात आकडा जातो आणि वही कपाटात. त्या वहीतून आपला वाचक ओळखता येतो का, कितपत येतो आणि कुठे फसगत होते, याबद्दल सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

देवघेवीच्या नोंदीतून नक्की काय कळतं?

कोणत्या कार्डावर कोणतं पुस्तक कोणत्या तारखेला गेलं आणि कधी परत आलं, एवढं पक्कं कळतं. त्यापलीकडचं सगळं अनुमान. अनुमान करायला हरकत नाही, केलंच पाहिजे. पण मासिक बैठकीत बोलताना नोंद कुठली आणि आपला अंदाज कुठला हे वेगळं सांगण्याची सवय लावून घ्या. ‘यंदा चरित्रांची देवघेव वाढली’ ही नोंद झाली. ‘लोकांना चरित्रं आवडू लागली’ हा अंदाज झाला. कदाचित चरित्रांचं कपाट दाराजवळ हलवल्यामुळेही आकडा वाढला असेल.

रोज येणारे किती आणि पुस्तकं नेणारे किती, हे वेगळं का मोजायचं?

कारण आपल्याकडे एकाच दारातून निरनिराळी माणसं येतात. सकाळी पेपर वाचायला ज्येष्ठ मंडळी येतात. अभ्यासिका असेल तर एमपीएससीची आणि पोलीस भरतीची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात आणि रात्री दिवे बंद होईपर्यंत बसतात. संध्याकाळी कादंबऱ्या बदलायला सभासद येतात. दारातल्या वहीत सगळ्यांच्या सह्या एकाखाली एक पडतात आणि महिन्याची बेरीज भरघोस दिसते. त्या बेरजेवर नवीन कादंबऱ्या घ्यायचं ठरवलं तर ती खरेदी चुकते, कारण बेरजेतली निम्मीअधिक माणसं कदाचित खुर्ची, पंखा आणि शांतता यांसाठी आलेली असतात.

या मुलांना कमी लेखायचं अजिबात नाही. दोन खोल्यांच्या घरात जिथे अभ्यासाला कोपरा मिळत नाही, तिथे अभ्यासिका म्हणजे मोठा आधार असतो. पण त्यांची गरज वेगळी, म्हणून मोजणीही वेगळी. दारातल्या वहीत नावापुढे एक रकाना वाढवा: पेपर, अभ्यास, देवघेव. येणाऱ्याने खूण करायची, बस्स.

कार्ड आजोबांच्या नावावर असेल तर वाचक कोण?

या प्रश्नाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. घरात एक कार्ड असतं, वर्गणीची पावती घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावर फाटते आणि त्या कार्डावर अख्खं घर वाचतं. आजोबा पुस्तकं बदलायला येतात, हातात चिठ्ठी असते, चिठ्ठीवरचं अक्षर सुनेचं. आजोबा स्वतः मासिक चाळतात. रजिस्टर मात्र म्हणतं की बहात्तर वर्षांचे एक गृहस्थ दर आठवड्याला स्त्रियांनी लिहिलेल्या कादंबऱ्या आणि मुलांची चित्रमय पुस्तकं वाचतात.

म्हणून ‘आमच्याकडे पुरुष वाचक जास्त आहेत’ असं वाक्य अहवालात लिहिण्यापूर्वी थांबा. ते पुरुष सभासद आहेत, वाचक घरात आहेत. पुस्तक देताना सहज विचारावं, ‘कोणासाठी नेताय, काका?’ लोक आनंदाने सांगतात. उत्तर एका अक्षराने टिपता येतं: स्वतः, घरचे, मुलं. दोन-तीन महिने एवढं केलं की खरेदीच्या यादीकडे बघण्याची नजरच बदलते. शक्य असेल तिथे वाढीव अनामत न घेता घरातल्या बाईच्या नावाने दुसरं कार्ड द्यावं, असं माझं ठाम मत आहे. स्वतःच्या नावाचं कार्ड हातात आलं की ती स्वतः येते, कपाटं स्वतः बघते आणि चिठ्ठीत कधीच न आलेलं पुस्तक उचलते.

पुस्तक नेलं म्हणजे वाचलं का?

नाही, आणि यावर कुठलंही रजिस्टर उपाय करू शकत नाही. मात्र पुस्तकाकडेच नीट पाहिलं तर बरंच हाती लागतं. शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखांची पट्टी उघडा. दोन भागांच्या कादंबरीची शेजारी ठेवलेली ही जोडी बघा: पहिल्या भागाची पट्टी शिक्क्यांनी भरून दुसरी चिकटवावी लागली आहे, काही शिक्के एकमेकांवर पडून जांभळे डाग झालेत, दुसऱ्या भागाच्या पट्टीवर वरच्या दोन ओळी तेवढ्या भरल्यात. पहिला भाग नेणारे बहुतेक जण पुढे गेलेच नाहीत, हे त्या दोन पट्ट्या स्पष्ट सांगतात. आतही खुणा असतात. पहिल्या साठेक पानांच्या कडा मळलेल्या, मग पांढऱ्या स्वच्छ. साठाव्या पानाच्या आसपास एसटीचं तिकीट किंवा औषधाच्या दुकानाची पावती, तिथेच राहून गेलेली.

तारखाही बोलतात. दुसऱ्याच दिवशी परत आलेलं जाड पुस्तक बहुधा आवडलेलं नसतं. मुदत वाढवून घेतलेलं पुस्तक मात्र दोन्ही गोष्टी सांगू शकतं: वाचक रमलाय किंवा पुस्तक टीव्हीवर पडून आहे आणि दंड नको म्हणून फोन आलाय. इथे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न टेबलापलीकडून आपुलकीने आला तर माणूस मोकळेपणाने बोलतो. ‘पूर्ण वाचलं का?’ हा प्रश्न परीक्षेसारखा लागतो आणि उत्तर हमखास ‘हो’ येतं.

थोडीच पुस्तकं सारखी फिरतात, बाकीची तशीच. आमचं काही चुकतंय का?

जगभर असंच असतं. रिचर्ड ट्रूसवेल यांनी १९६९ साली अमेरिकेतल्या ग्रंथालयांच्या नोंदींवरून दाखवलं की साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांवर होते. पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा माग काढला, तेव्हा जवळपास ४० टक्के पुस्तकं १९७५ अखेरपर्यंत एकदाही बाहेर गेली नव्हती. विद्यापीठाचं ग्रंथालय आणि आपलं वाचनालय यांत फरक आहेच, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका. पण सगळी पुस्तकं सारखी फिरतील ही अपेक्षा कुठेच पुरी होत नाही, एवढा दिलासा घ्यायला हरकत नाही.

आणखी एक बघा. जे पुस्तक वाचनालयात बसून चाळलं जातं ते देवघेवीत येतच नाही. शब्दकोश, विश्वकोशाचे खंड, पाककृती, कायद्याची पुस्तकं ही त्यातली. ती मोजायला सोपी रीत आहे. ‘वाचून झालेलं पुस्तक कपाटात ठेवू नका, टेबलावरच राहू द्या’ अशी पाटी लावायची आणि बंद करताना टेबलावरची पुस्तकं टिपून मग जागेवर ठेवायची. आठवडाभर केलं तरी चित्र दिसतं.

मग न फिरणारी पुस्तकं काढून टाकावीत का?

फाटलेली, कालबाह्य मार्गदर्शकं, जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं खुशाल काढा. बाकीच्यांच्या बाबतीत घाई नको. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत दुसरं आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. देवघेवीचा आकडा बघताना ही दोन्ही सूत्रं सोबत हवीत. जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर वर्षानुवर्षं कोणी मागत नाही. एक दिवस पंचवटीतली एक मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी गोदाघाटाची जुनी माहिती शोधत येते आणि तिला दुसरीकडे ते सहज मिळत नाही. त्या एका देवघेवीची किंमत बेरजेत एकच धरली जाते, पण आपण ती तशी धरू नये.

काढण्याआधी पुस्तकाची जागा बदलून पाहा. डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर, दाराजवळच्या टेबलावर महिनाभर ठेवा. तळच्या फळीवरचं पुस्तक उचलायला गुडघे वाकवावे लागतात आणि आपल्या वाचकांत गुडघेदुखीवाले पुष्कळ आहेत.

वाचकांना कोणता विषय आवडतो हे वर्गवारीवरून कळेल ना?

वर्गवारी ज्या कामासाठी केली आहे तेवढंच ती सांगते. ड्यूई दशांश पद्धतीत, म्हणजे पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, मराठी साहित्य ८९१.४६ आणि मराठी कथा-कादंबरी ८९१.४६३. म्हणजे रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबरी, ग्रामीण कथा सगळं एकाच क्रमांकाखाली. शिवाय अनुवाद मूळ भाषेकडे जातो. एस. एल. भैरप्पांच्या कादंबऱ्या आपल्याकडे उमा कुलकर्णींच्या अनुवादामुळे घरोघरी पोहोचल्या. पण त्यांचा क्रमांक कन्नड साहित्याचा, ८९४.८१४. वर्गवारीची बेरीज केली तर ‘मराठी कादंबरी’च्या आकड्यात भैरप्पा नसतात आणि ‘कन्नड साहित्य’ अचानक लोकप्रिय दिसतं.

लेखकाच्या नावाचंही तसंच. आपल्याच गावच्या शिरवाडकरांच्या कविता ‘कुसुमाग्रज’ या नावाने आहेत, नाटकं ‘वि. वा. शिरवाडकर’ या नावाने. संगणकात ‘वि.वा.’, ‘वि. वा.’ आणि ‘विष्णु वामन’ अशा निरनिराळ्या नोंदी असतील तर एकाच लेखकाचे चार लेखक होतात आणि ‘सर्वाधिक वाचले गेलेले लेखक’ या यादीत ते खाली घसरतात. नाव एकदाच, एकाच पद्धतीने लिहायचं आणि दुसऱ्या नावाकडून तिकडे बोट दाखवायचं, हे काम कंटाळवाणं आहे. ते झाल्याशिवाय लेखकवार आकडे जाहीर करू नयेत.

महिन्यामहिन्याच्या आकड्यात एवढा चढउतार का?

बहुतेक वेळा कारण पंचांगात आणि शाळेच्या वेळापत्रकात सापडतं. मार्चमध्ये परीक्षा, म्हणून मुलांचा विभाग ओस. मे महिन्यात तीच मुलं रोज येतात, मात्र मामाच्या गावाला गेलेल्यांची कार्डं थांबतात. दिवाळीनंतर दिवाळी अंकांची झुंबड. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही आवड. पण अंक पटापट बदलले जातात, त्यामुळे त्या दिवसांचा आकडा फुगतो. अंकांची देवघेव पुस्तकांच्या बेरजेत मिसळू नका.

निफाड, दिंडोरीकडच्या वाचनालयांना द्राक्षांचं गणित धरावं लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची), पुढे जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत खुडा (द्राक्षांची काढणी), तो उरकतो न उरकतो तोच खरड छाटणी (काढणीनंतरची). त्या काळात बागाईतदाराच्या घरातलं कोणी पुस्तक बदलायला आलं नाही तर वाचन संपलं असं समजू नये. एका कार्यकर्त्याने त्यावर उत्तम तोड काढली: हंगामात मुदत पंधरा दिवसांऐवजी दोन महिने आणि दंड माफ.

सिडकोत आमच्याकडे महिन्यापेक्षा घड्याळ महत्त्वाचं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फर्स्ट आणि सेकंड शिफ्ट करणाऱ्याला आळीपाळीने एक आठवडा संध्याकाळ मोकळी मिळते, दुसरा आठवडा नाही. त्याच्या कार्डावर आठवडाआड शिक्के दिसतात. रविवार सकाळ उघडी ठेवली तर ते अंतर भरून निघतं.

सभासद महिन्याला सरासरी किती पुस्तकं वाचतो, असा आकडा द्यायचा का?

सरासरी देऊ नका. समजा दहा सभासद आहेत. त्यांतल्या एका कार्डावर महिन्याला तीस पुस्तकं जातात आणि उरलेल्या नऊ जणांच्या कार्डांवर प्रत्येकी एक. सरासरी आली जवळजवळ चार, आणि चार पुस्तकं वाचणारा सभासद एकही नाही. त्यापेक्षा सभासदांना पुस्तकांच्या संख्येनुसार ओळीत लावा आणि मधल्याचा आकडा घ्या. इथे तो एक येतो. शून्य पुस्तकं नेणारे किती, हे शेजारी लिहा. कार्यकारिणीला हे दोन आकडे पुरेसे आहेत.

जे रिकाम्या हाताने परत गेले त्यांची नोंद कशी ठेवायची?

माझ्या मते सगळ्या नोंदींत हीच मोलाची आणि हीच कुणी ठेवत नाही. देवघेवीचं रजिस्टर आपल्याकडे असलेल्या पुस्तकांबद्दलच बोलतं. जे पुस्तक आपल्याकडे नाही त्याची मागणी त्यात उमटायला जागाच नसते. परिणामी आपण कादंबऱ्या ठेवतो, कादंबऱ्या जातात, आकडा कादंबऱ्यांचा वाढतो, त्यावरून पुन्हा कादंबऱ्याच घेतो. विज्ञान विचारणारा मुलगा दोनदा येतो, तिसऱ्यांदा येत नाही. रजिस्टरमध्ये तो कधी आलाच नव्हता.

टेबलावर एक साधी दोनशेपानी वही ठेवा. जे पुस्तक मागितलं गेलं आणि देता आलं नाही ते त्यात लिहायचं: पुस्तक किंवा विषय, तारीख, आणि कारण. कारणं मोजकीच असतात. आपल्याकडे नाही, बाहेर गेलंय, किंवा आहे पण सापडलं नाही. तिसरं कारण वारंवार आलं तर खरेदीआधी कपाटं लावायला घ्या.

विषय माणूस ज्या शब्दांत विचारतो त्याच शब्दांत लिहा. ‘मधुमेहावर काहीतरी’, ‘वाटणीपत्र कसं करतात’, ‘पोरगी वयात आलीय, तिला देता येईल असं’. या ओळी वाचकांच्या आयुष्याबद्दल जे सांगतात ते देवघेवीच्या हजार नोंदी सांगणार नाहीत. खरेदीच्या दिवशी ही वही पिशवीत घालून दुकानात न्या.

अचानक यायचे थांबलेल्या सभासदांबद्दल काय करावं?

फोन करा, पण थकीत वर्गणीचा विषय काढू नका. मोतीबिंदूचं ऑपरेशन, नातवंडं सांभाळायला पुण्याला जाणं, बदली (देवळालीच्या लष्करी वसाहतीतली कुटुंबं तर दर काही वर्षांनी हलतातच), जिना चढवत नाही, अशी कारणं निघतात. यांतल्या काहींवर आपल्याला उपाय करता येतो. जिना चढवत नसेल तर शेजारचा सभासद पुस्तक पोहोचवू शकतो. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने नाशिकहून सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेत पुस्तकांची पेटीच वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल होते. वाचनालय वाचकाकडे नेण्याची ही वाट आपल्याच शहरात तयार आहे.

कोण काय वाचतं, हे कोणाला सांगावं?

कोणालाही नाही. नवऱ्याला नाही, आईवडिलांना नाही, कार्यकारिणीच्या सभासदालाही नाही.

लहान वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून हे अधिकच पाळावं लागतं. घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक नेणारी बाई, नैराश्यावरचं पुस्तक नेणारा कॉलेजचा मुलगा, कर्करोगावरचं पुस्तक शोधणारे गृहस्थ. यांनी आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. टेबलावर उघडं पडलेलं रजिस्टर पुढच्या माणसाला सहज वाचता येतं. वरच्या ओळी पुठ्ठ्याने झाका. मुदत उलटलेल्यांची यादी फलकावर लावताना पुस्तकाचं नाव लिहू नका. खरं तर यादीच लावू नका, फोन करा. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमुक ताई, तुमचं तमुक पुस्तक बाकी आहे’ असा निरोप टाकणंही चूकच. पुस्तक परत आलं, दंडाचा हिशेब मिटला, की नाव आणि पुस्तक यांची जोडी ठेवण्याचं कारण उरत नाही. पुस्तकाच्या फेऱ्या मोजायला नाव लागत नाही. संगणकावर नोंदी असतील तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही ध्यानात घ्या: ज्या कामासाठी माहिती घेतली त्या कामापुरतीच ती वापरायची.

वाचन प्रेरणा दिनाला ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणारा वाचक’ असं बक्षीस द्यावं का?

१५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, मुलांसाठी काही करावं हे उत्तमच. संख्येवर बक्षीस मात्र देऊ नये. मुलं हुशार असतात. सोळा पानांची पुस्तकं निवडतात, रोज बदलतात, आणि तीनशे पानांच्या एकाच पुस्तकात महिनाभर बुडालेली मुलगी शेवटच्या क्रमांकावर येते. त्याऐवजी प्रत्येकाला आवडलेल्या पुस्तकाबद्दल दोन मिनिटं बोलू द्या आणि ती पुस्तकं त्यांच्या नावाच्या चिठ्ठीसह, अर्थातच त्यांना विचारून, महिनाभर पुढे मांडा.

हे सगळं करायला संगणक लागतो का?

हजार-दोन हजार पुस्तकांपर्यंत वही पुरते. पुढे सोय हवी असेल तर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ प्रणाली आहे आणि २००० साली न्यूझीलंडमध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही मोफत, मुक्त प्रणाली आहे. दोन्हींत मराठी चालतं.

अनुदानाच्या तपासणीला आकडे कमी दिसले तर?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याखाली अ, ब, क, ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणे अनुदान. या भीतीपोटी काही ठिकाणी एकाच पेनाने, एकाच बैठकीत महिन्याच्या सह्या भरल्या जातात. तसं करू नका. खोट्या नोंदीचा पहिला तोटा आपल्यालाच होतो, कारण त्या दिवसापासून वही आपल्याही उपयोगाची राहत नाही.

सुरुवात कुठून करू?

येत्या एक तारखेपासून तीन गोष्टी: दारातल्या वहीत पेपर-अभ्यास-देवघेव हा रकाना, देताना ‘कोणासाठी’ हा प्रश्न, आणि न मिळालेल्या पुस्तकांची वही. तीन महिन्यांनी बसून वाचा. बसताना ग्रंथपाल आणि पुस्तकं जागेवर लावणारा मुलगा दोघंही सोबत असू द्या. टेबलावर रोज काय पडलेलं असतं ते त्यालाच जास्त ठाऊक असतं.